कौतुकाची खिडकी

आमच्या सरांनी ‘आय लव्ह यू’ हे वाक्य तत्काळ कोट्यात टाकलं होतं. “महाग भेटते, घाईत भेटते, अन् कॅन्सल केलं तं रिफंड नाही,” असं ते नव्या बॅचला पहिल्याच दिवशी फळ्यासमोर उभं राहून सांगायचे. पोरी वहीत तोंड खुपसायच्या, पोरं एकमेकांना कोपरं मारायची, आणि सर मान खाली वाकवून, डोळे वर करून म्हणायचे, “नेक्स्ट!”

मान वाकवायचं कारण असं की सरांची सारी नोकरी पांढुर्णा स्टेशनच्या तिकीट खिडकीमागे गेली. काचेतलं ते भोक सरांच्या छातीच्या उंचीवर होतं. समोरच्याचं ऐकायचं तर वाकावं लागे. रिटायर झाल्यावर खिडकी गेली, वाकणं राहिलं. भाजीवालीशी बोलतानाही ते असेच वाकत आणि प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत, जशी गर्दीत तिकिटं सांगावी लागतात. “मेथी एक जुडी, मेथी एक जुडी.” भाजीवाली पहिल्या वेळी दोन जुड्या द्यायची, मग एक परत घ्यायची. पुढे तीही शिकली.

पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा गावात इंग्रजीचे वर्ग भराभर उघडले. आता ऑफिसं येणार, साहेब लोक येणार, इंटरव्ह्यू होणार. सगळ्या वर्गांच्या पाट्यांवर टाय घातलेला मुलगा आणि इंटरव्ह्यूची हमी. सरांच्या घरावर नुसतं ‘इंग्रजी बोला’ असं लिहिलेलं होतं, तेही त्यांनीच, खडूनं. पावसात पुसलं गेलं की ते परत लिहीत. मी सौंसरहून बसनं यायचे आणि पहिल्या दिवशी पाटी पुसलेलीच होती, त्यामुळे दोन गल्ल्या फिरून परत तिथंच आले.

“इंटरव्ह्यू एकदा होते. माणसं रोज भेटतात,” असं सरांचं म्हणणं. “त्याईच्याशी कोन बोलन?”

त्यांचा सिद्धांत साधा होता. आमच्या भागातल्या माणसाच्या पोटात माया ढीगभर, पण ती बाहेर पडायला एकच वाक्य: जेवला काय? पोरगा पहिला आला, जेवला काय. पोरगी सासरी निघाली, जेवली काय. दवाखान्यातून घरी आला, जेवला काय. यापलीकडे काही बोलायचं म्हटलं की घशात अडकतं. “म्हणून इंग्रजी,” सर म्हणायचे. “आपल्या भाषेत बोलाची लाज वाटते ना, मंग दुसऱ्याच्या भाषेत बोला. पण पाहून बोला. ज्या गावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एका पळून गेलेल्या जोडीपायी अजून नदीच्या दोन्ही काठांवरून दगडं चालतात, त्या गावात वाक्य पाहूनच बोलाव लागते, वाक्य पाहूनच बोलाव लागते.”

तेव्हा प्रेमाचं न वाटणारं प्रेम इंग्रजीत कसं बोलावं, हा आमचा अभ्यासक्रम. त्याचे सरांनी डबे पाडले होते. ‘थँक यू सो मच’ हे जनरलचं वाक्य, कोणीही कुठंही चढावं. ‘आय अ‍ॅप्रिशिएट व्हॉट यू डिड’ हे स्लीपर, थोडी ओळख पाहिजे. ‘आय अ‍ॅम लकी टू हॅव अ फ्रेंड लाइक यू’ म्हणजे एसी थ्री टियर, पडदा लावून बोलू नये. आणि ते तत्काळवालं वर्गात फक्त लिहून दाखवायचे आणि लगेच पुसायचे.

नियमही होते. पहिला, माणसाचं कौतुक करायचं नाही, त्याच्या कामाचं करायचं. एकदा वर्गातल्या कापूस व्यापाऱ्याच्या मुलानं शेजारच्याला म्हटलं, “युअर शर्ट इज व्हेरी नाइस.” सरांनी विचारलं, शर्ट कुणी घेतला? मामानं. “मंग मामाले फोन लाव. यानं काय केलं? यानं तं नुसते बटनं लावले.” आणि खरंच वर्गात मामाला फोन लावायला लावला. मामा बिचारा घाबरला, त्याला वाटलं पोराचा अपघात झाला.

दुसरा नियम, तिसरा माणूस हजर पाहिजे. एकट्यात केलेलं कौतुक हे कौतुक राहत नाही, असं सरांचं ठाम मत होतं. तिसरा, बोलून झालं की थांबायचं नाही. उत्तराची वाट पाहत उभं राहिलं की समोरच्याला वाटतं आपल्याकडून काही पाहिजे. “बोला अन् निघा. मांगं लाइन हाय.”

मोबाइलचा नियम वेगळा, कारण तो सरांना मागाहून करावा लागला. लाल बदाम बंद. गुलाबी बंद. पिवळ्या बदामावर वर्गात एक पूर्ण रविवार वाद झाला. मुली म्हणाल्या तो मैत्रीचा, मुलं म्हणाली आम्हाला तसं कोणी सांगितलं नाही. शेवटी सरांनी चष्मा लावून साऱ्या रंगांचे बदाम नीट तपासले आणि नारिंगी बदामाला परवानगी दिली. “हा आपल्या संत्र्याचा रंग हाय. घरचा माल. यात कोनाले संशय येनार नाही.” त्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर इतके नारिंगी बदाम पडले की बगीचा फुटला असं वाटावं.

वर्ग आठवडाभर चाले, पण खरी परीक्षा रविवारी. रविवारी वर्ग सुटायच्या आधी प्रत्येकानं उभं राहून वर्गातल्या किंवा वर्गाबाहेरच्या एका माणसाचं एक वाक्य कौतुक करायचं. मी एकदा बाबांवर बोलले. माझे बाबा सौंसरच्या एका शाळेत शिपाई. मला बसमध्ये बसवून देतात आणि बस वळेपर्यंत स्टँडवर उभे राहतात, हे मी कसंबसं इंग्रजीत सांगितलं आणि मला रडू आलं. सरांनी कधी नव्हे ते ‘नेक्स्ट’ म्हणायला वेळ लावला.

हे सारं सर गावातही करत. सौंसरच्या बसच्या कंडक्टरला त्यांनी एकदा वाकून सांगितलं की तुम्ही त्या म्हातारीसाठी गाडी थांबवली, आय रियली अ‍ॅप्रिशिएट. कंडक्टर म्हणाला, “तिकीट घेतलं काय?” सर खूश. म्हणाले, पाहा, बोललो अन् निघालो.

फक्त एका ठिकाणी सरांचं इंग्रजी चालत नव्हतं. वर्ग वरच्या खोलीत भरे आणि खाली सर आणि काकू राहत. जिन्याच्या शेवटच्या पायरीला सरांचं तोंड बंद व्हायचं. घरात इंग्रजी बोलायचं नाही हा काकूंचा हुकूम होता. आणि मराठीत सरांना बोलता येत नव्हतं, म्हणजे आमच्या भागातल्या कुठल्याही नवऱ्याला येतं तेवढंच येत होतं.

चपला घालताना स्वयंपाकघराचं दार दिसायचं. आत ओट्यावर एक ताट झाकून ठेवलेलं असे. काकू जेवून मोकळ्या झालेल्या असत आणि अंगणात काही ना काही निवडत बसलेल्या. मी पहिल्यांदा विचारलं, “काकू, सरांसाठी थांबत नाही का तुम्ही?” तर म्हणाल्या, “थांबत होती. आता ताट थांबते.”

आमच्याकडे नवऱ्याआधी जेवण्याचं काही पाप नाही. पण काकू लग्न झाल्यापासून थांबत होत्या, स्टेशनची ड्युटी कितीही लांबली तरी, आणि मग एका दिवसापासून थांबायच्या बंद झाल्या. भांडण नाही, अबोला नाही, स्वयंपाक रोज चांगला. नुसतं ताट झाकलेलं. सरांना काय लागत होतं ते आम्हाला दिसत होतं. बारा वाजत आले की ते शिकवता शिकवता खिडकीपाशी जात आणि खाली अंगणात काकू काय करतात ते पाहत. काकू निवडत बसलेल्या दिसल्या म्हणजे जेवण झालेलं. मग सरांचा आवाज जरा उतरायचा. त्यांना एवढंच पाहिजे होतं की एक दिवस काकूंनी परत थांबावं.

त्या दिवसाची गोष्ट काकूंनीच मला सांगितली, तुरीच्या शेंगा सोलता सोलता. सरांच्या शेजारच्या खिडकीवर एक मॅडम होत्या, दक्षिणेकडच्या, मराठी न येणाऱ्या. त्यांची बदली झाली. निरोपाचा कार्यक्रम झाला, शाल, नारळ, माइक. सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. सरांनी आदल्या दिवशी नागपूरहून सगळ्यात मोठं, सगळ्यात जास्त फुलांचं कार्ड आणलं होतं. स्वतःचं काही सुचेना म्हणून त्यांनी कार्डावर छापलेलं इंग्रजी माइकवर वाचून दाखवलं. दोनदा. तुझ्यावाचून माझी सकाळ कशी उगवेल, हृदयाचा ठोका, वगैरे. उच्चार एकदम स्वच्छ. साऱ्या स्टाफला समजलं. चहावाल्याला सुद्धा समजलं, आणि सर घरी पोचायच्या आधी चहावाल्याची बायको काकूंकडे येऊन गेली.

“मंग?” मी विचारलं.

“मंग काय. मी रामाकोन्याले माहेरी गेली. महिनाभर राह्यली. हे रोज ड्युटी करून यायचे, वट्ट्यावर बसायचे, चहा प्यायचे, वापस जायचे. एक शब्द नाई. माह्या बापालेच कीव आली, म्हने जाय वो बाई, हा मानूस बसून बसून वट्टा झिजवन.” काकूंनी शेंग मोडली. “आली वापस. पन पोरी, तिले इंग्रजी, अन् मले शब्द नाई?”

मला हसू येत होतं आणि येऊही नये असं वाटत होतं. काकूंना त्या मॅडमचा संशय नव्हताच. संशय असता तर सोपं होतं.

मग आमचं प्रकरण झालं. वर्गात तिगावचा एक मुलगा होता, घरची शेती, इंग्रजीची भयंकर भीती. मी त्याला वाक्यं समजावून सांगायचे. त्यानं गृहपाठ म्हणून मला मोबाइलवर इंग्रजीत लिहिलं: तू फार धीरानं समजावतेस, तू वर्गात असलीस की मला बरं वाटतं, आय अ‍ॅप्रिशिएट यू. खाली नारिंगी बदाम. नियमाप्रमाणे सारं बरोबर होतं. एकच राहिलं होतं, तिसरा माणूस. आणि मोबाइल बाबांच्या हातात होता.

बाबांनी तो शेजारच्याला वाचायला दिला. शेजाऱ्यानं बदामाचा रंग काही पाहिला नाही, आकारच पाहिला. माझा वर्ग बंद. बाबा ओरडले नाहीत, ते ओरडतच नाहीत. म्हणाले, “इंग्रजी घरी शीक.” घरी कोणाकडून शिकणार, हे मी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी मी गेले नाही. सरांनी तिगावच्या पोराला उभं केलं आणि सारं काढून घेतलं. “साक्षीदार कुठं हाय? साक्षीदार कुठं हाय?” असे ते इतके ओरडले की खालून काकू वर आल्या. आणि त्याच दुपारी सर आणि काकू बसनं सौंसरला आमच्या घरी आले. पोरीच्या घरी जायचं तर बाईमाणूस सोबत पाहिजे म्हणून काकू. म्हणजे सरांनी स्वतःपुरता नियम पाळला.

बाबा ‘जय भीम’ म्हणाले, खुर्च्या दिल्या, आईनं चहा केला. बाबासाहेबांच्या फोटोखाली सर बसले आणि बाबा त्यांच्यासमोर ताठ.

“मास्तर, पोरीले काय शिकवून राहिले तुमी?”

सरांनी डबे सांगितले. नियम सांगितले. नारिंगी बदाम सांगितला. बाबांचा चेहरा काही हलेना. मला वाटलं संपलं. आई दारात उभी राहून माझ्याकडे पाहत होती.

मग सर उठले. बाबांपुढे जाऊन उभे राहिले आणि मान वाकवली, अगदी खिडकीतून बोलल्यासारखी. आणि इंग्रजीत म्हणाले की तुम्ही मुलीला रोज स्टँडवर सोडता आणि बस वळेपर्यंत उभे राहता, आय अ‍ॅप्रिशिएट यू, सर. दोनदा म्हणाले.

बाबा म्हणाले, “याचं मराठी?”

“हे माहं नाही. तुमच्या पोरीनं वर्गात सांगतलं. तुमी तिले बसमंधी बसवून देता, अन् बस वळेपर्यंत उभे राहता. ते तिले मांगच्या काचेतून दिसते.”

बाबांनी रिकामी बशी सरळ करून ठेवली. “एवढं तं कोनीबी करते,” ते म्हणाले. “यात काय सांगाचं.” आणि उठून आत गेले, साखर पाहायला. चहा पिऊन झाला होता. आत साखरेच्या डब्याचं झाकण दोन-तीनदा वाजलं. बाहेर आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

“येईन ती रविवारी,” बाबा म्हणाले. मग सरांना म्हणाले, “जेवले काय?”

मला तेव्हा बाबांना मिठी मारावीशी वाटली आणि मी मारली नाही, कारण आमच्या घरी तसं कोणी करत नाही. मी कप उचलले.

सर आणि काकूंना सोडायला मी स्टँडवर गेले. बस लागलेली नव्हती. काकू बाकावर बसल्या आणि समोर पाहतच बोलल्या.

“त्या मॅडमले बी असंच काही सांगाचं होतं काय तुमाले?”

सर दचकलेच. “हो.”

“असंच? कामाचं?”

“मी टायफाइडनं पडलो होतो तवा माही ड्युटी तिनंच केली. तेच सांगाचं होतं. जमलं नाही, म्हणून कार्ड आनलं. वाचून नाही आनलं, फुलं पाहून आनलं.”

काकूंनी मान हलवली. त्यांना ते पटलं, हे मला दिसलं. सरांनाही दिसलं असावं, कारण त्यांचे खांदे खाली आले. तेवढ्यात काकू म्हणाल्या, “अन् टायफाइडमंधी तुमच्या उशाशी कोन होतं?”

बस लागली. काकू पदर खोचून आधी चढल्या, आणि सर पायदानावर एक पाय ठेवून तसेच उभे राहिले, कंडक्टरनं हाक मारेपर्यंत.

पुढचे रविवार सरांचं शिकवण्यात लक्ष नव्हतं. एकाला दोनदा ‘नेक्स्ट’ म्हणत, दुसऱ्याला म्हणतच नसत. खाली ताट झाकलेलंच होतं. आता वर्ग बंद झालाय, सरांचे गुडघे जिना चढू देत नाहीत, आणि मी सौंसरच्या एका शाळेत शिकवते. माझ्या वर्गातली मुलं शनिवारी एकमेकांचं एक वाक्य कौतुक करतात आणि मी ‘नेक्स्ट’ म्हणते. सरांकडून किती घेतलं याचा मला फार आनंद वाटतो. पण सर म्हटलं की मला तो एक रविवार आठवतो.

बारा वाजत आले होते. आमची कौतुकं संपली होती. सर नेहमीसारखे खिडकीपाशी गेले. खाली अंगणात काकू सुपात तूर घेऊन बसल्या होत्या. शेजारीण भिंतीपलीकडे कपडे वाळत घालत होती. सरांनी आमच्याकडे एकदा पाहिलं, तिसरा माणूस म्हणून आम्ही भरपूर होतो. मग गजांना धरून त्यांनी मान वाकवली.

“आय अ‍ॅप्रिशिएट,” सर म्हणाले.

काकूंनी वर पाहिलं. “इंग्रजी त्या मॅडमले देऊन झालं. मले कोरं पाह्यजे.”

सरांच्या मानेवर घाम दिसत होता. तिकीट खिडकीवर त्यांनी हजारो माणसांना गावं दिली असतील, पण आता त्यांना एक वाक्य सापडत नव्हतं. तिगावचा पोरगा हळूच म्हणाला, “सर, काम सांगा, काम.”

“टायफाइडमंधी,” सर म्हणाले, आणि थांबले. “टायफाइडमंधी तू उशाशी बसून होती. रात्रभर पंखा घालत होती. लाइट नव्हती. मले समजत होतं. डोळे बंद होते, पन समजत होतं.” मग त्यांनी श्वास घेतला आणि सवयीप्रमाणे दुसऱ्यांदा म्हणाले, “मले समजत होतं.”

शेजारणीच्या हातात ओला टॉवेल तसाच राहिला. काकूंनी सुपातली तूर एकदा घोळली, परत घोळली.

“बरं,” काकू म्हणाल्या.

आता नियमाप्रमाणे सरांनी निघायला पाहिजे होतं. मागच्या बाकावरून कोणीतरी सवयीनं ‘नेक्स्ट’ म्हटलं, तर सरांनी न वळता हात वर करून त्याला गप्प केलं. ते गजाला धरून उभेच राहिले, उत्तराची वाट पाहत. आणि काही सुचेना तेव्हा, ज्या वाक्यावरून त्यांनी आम्हा साऱ्यांची इतकी थट्टा केली होती, तेच त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

“जेवली काय?”

“नाई,” काकू म्हणाल्या. “थांबली हाव.”